राजकन्या मावशीची अट

माझ्या मावशीचं नाव राजकन्या आणि तिच्या नवऱ्याचं श्रीमंत. दौलत काय ती दोघांच्या नावातच. निलंग्याला बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत श्रीमंत काकांचं शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेली पुठ्ठ्याची खोकी. त्या खोक्यांत देशातले थोर लोक घड्या घालून ठेवलेले आहेत. महाराजांचे जिरेटोप, जिजाऊंचे शेले, बसवेश्वरांचे मुकुट, भगतसिंगांच्या हॅटी, गांधीजींचे पंचे आणि चष्मे. शाळेत जयंती आली की पोरांचे आईबाप इथून वेष भाड्यानं नेतात.

मावशीला कधीकधी राग येतो असं म्हणणं बरोबर नाही. राग तिच्या घरातच मुक्कामाला आहे. सकाळी चुलीपाशी असतो, दुपारी दुकानात येऊन बसतो. तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच येतं, कारण लातूरच्या दुकानातला जिरेटोप पोराच्या नाकावर उतरतो आणि काकांनी शिवलेला डोक्यावर नीट बसतो. तलवारी आणायला ती स्वतः नांदेडला जाते. धार लागणार नाही पण दिसायला खरी वाटेल अशी तलवार दुकानदाराकडून मिळेपर्यंत ती त्याचं डोकं खाते. दुकानदारही बेजार होतो आणि पुढच्या खेपेला तिच्यासाठी वेगळी काढून ठेवतो.

तिची अट एकच, आणि ती पोरासाठी. ज्याचा वेष पाहिजे त्या माणसाची एक गोष्ट पोरानं सांगायची. जन्मतारीख, जन्मगाव, आईवडलांचं नाव चालत नाही. ते तर पाठ केलेलं असतंच. "त्यांनी काय केलं आन् तुला त्यातलं का आवडलं, ते सांग," असं ती विचारते. पोरगं गप्प राहिलं तर खोकं उघडत नाही. एका पोरानं भगतसिंगांबद्दल सांगितलं, "त्यांनी हॅट घातली होती." मावशीनं त्याला बापासकट परत पाठवलं. बाप गल्लीच्या तोंडापर्यंत तणतणत गेला. दुसऱ्या दिवशी पोरगा एकटाच आला आणि म्हणाला, "फाशीच्या दिवशी बी ते पुस्तक वाचत होते. मला बी वाचताना कुणी उठवलं की राग येतो." मावशीनं हॅट दिली आणि वर मिशी फुकट दिली.

एका बाईनं चालताही न येणाऱ्या लेकरासाठी जिरेटोप मागितला. "फोटोपुरता द्या, स्टेटसला टाकायचाय." मावशी म्हणाली, "फोटोपुरतं पाहिजे तर फोटोवाल्याकडं जा. हितं माणसं मिळतात." ती बाई अजून गल्लीत मावशीकडे बघत नाही.

ही अट कुठून आली ते मला माझ्या आईनं सांगितलं. दोघी बहिणी लातूरकडच्या मुरुडजवळच्या खेड्यातल्या. मावशी चौथीत असताना शाळा तपासायला साहेब येणार होते. गुरुजींनी हिला जिजाऊ केलं. नऊवारी, नथ, मांडीवर बाहुली. खुर्चीत बसवलं आणि बजावलं, तोंड उघडायचं नाही. पुण्यात गाढवाचा नांगर फिरवलेल्या जागेवर जिजाऊंनी सोन्याचा नांगर फिरवला, ही गोष्ट मावशीला सांगायची होती. तिनं ती म्हशींना सांगून सांगून तयार केली होती. साहेब आले, "वा" म्हणाले आणि चहा पिऊन गेले. पुढे काही वर्षांनी तिचं लग्न लागलं, तेव्हाही नऊवारी नेसवून बसवलं आणि तोंड उघडायचं नाही असंच सांगितलं. तेव्हाचं साठलेलं ती आता बोलते, असं श्रीमंत काका म्हणतात. पण हळू म्हणतात.

मी लातूरला एका शिकवणी क्लासच्या ऑफिसात कामाला आहे. आमच्या लातुरात इतिहासाला कुणी विचारत नाही, कारण इतिहास पाठ करून डॉक्टर होता येत नाही. पण जानेवारीत मी दोन दिवस रजा काढून मावशीकडे जाते, टाचण्या लावायला आणि फेटे बांधायला. गेल्या जानेवारीत मी तिथंच होते, म्हणून हे सांगते.

सव्वीस जानेवारीच्या आधी जवळच्या एका गावच्या शाळेचे संगमेश सर टमटम भरून पोरं घेऊन आले. गावात प्रभातफेरी निघणार होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर थोरांच्या वेषातली पोरं उभी राहणार आणि चावडीपुढं प्रत्येकानं भोंग्यावर चार वाक्यं बोलायची. सर दारातच उभे राहून एकेकाला पुढं ढकलत होते.

"महादेवप्पांचा नातू, बसवेश्वर. पाटलाचे दोघं, एक शिवाजी महाराज, एक संभाजी महाराज. माळ्याची दामिनी, सावित्रीबाई. हाकेची सिंधु, अहिल्याबाई."

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या.

"सर, तुम्ही शाळा चालवायलात का सोयरिकी जमवायलात?"

सरांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते ओशाळले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "मावशी, तुम्हाला गावातलं माहीत न्हाई," ते म्हणाले. "मागं कुणाचा फोटो मधी लावायचा यावरून बैठक बसली. पोरं शाळेतून काढायची भाषा झाली. ज्याचे त्याला दिले की कुणी बोलत न्हाई."

ज्याचे त्याला. हे दोन शब्द ऐकून माझं डोकं भणाणलं, ते अजून शांत नाही. ज्या माणसांनी माणसं जोडण्यात जन्म घालवला, त्यांची आम्ही भाऊबंदकीतल्या वावरासारखी वाटणी करून टाकली. हा धुरा तुमचा, तो आमचा. तुमच्या पोरानं आमच्या महापुरुषाकडं बघायचं नाही आणि आमच्या पोरीला तुमची आई आवडायची नाही. आणि हे कुठं शिकवतात, तर शाळेत. तेही सुशिक्षित माणसं, शांतता राहावी म्हणून. असल्या शांततेला काडी लावावी.

मावशीनं सरांना बाहेर काकांपाशी बसवलं आणि काकांना सांगितलं, "यांना च्या पाजा आन् बोलू देऊ नका." मग पोरांना म्हणाली, "एकेक जण आत या. मला सांगायचं कोण व्हायचंय ते."

पोरं आधी बिचकली. मग जे सुरू झालं ते ऐकायला सरांनी आत यायला पाहिजे होतं. पाटलाच्या धाकट्याला गांधीजी व्हायचं होतं, कारण ते लांब लांब चालत जायचे आणि ह्याला शाळेला चालत यावं लागतं. माळ्याच्या दामिनीला झाशीची राणी व्हायचं होतं, कारण तिनं पोराला पाठीशी बांधून लढाई केली आणि दामिनी रोज धाकट्या भावाला काखेत घेऊन भांडी घासते. मावशी खोकी काढत होती, मी मापं घेत होते. तिचा राग त्या वेळी कामाला लागला होता, म्हणून चेहरा बरा दिसत होता.

शेवटी सिंधु आली. तिसरीतली पोर, दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली.

"कुणाची ग तू?" मावशीनं विचारलं. लहान पोराशी बोलायला आमच्याकडं अशीच सुरुवात करतात.

"देविदास हाकेची."

मावशी वळली, हात वर केला आणि अहिल्याबाईंचं खोकं खाली घेतलं. झाकण काढून पांढरं लुगडं झटकलंसुद्धा. पोर अजून काही बोललीच नव्हती.

"मावशी, ते न्हाई," सिंधु म्हणाली. "मला सावित्रीबाई व्हायचंय."

मावशी लुगडं हातात धरून तशीच उभी राहिली. नुकतंच सरांना जे सुनावलं होतं, तेच तिच्या हातानं केलं होतं. आडनाव कानावर पडलं आणि हात आपोआप त्या खोक्याकडं गेला. मी तिच्याकडे बघितलं, तशी ती माझ्यावर खेकसली, "आरती, तू काय बघतीस, टेप धर." मग लुगड्याची घडी घालायला बसली. ती घडी तिला चार वेळा घालावी लागली.

"सांग," ती सिंधुला म्हणाली. आवाज उतरलेला होता.

"त्या शिकवायला जायच्या तवा लोक शेण मारायचे. चिखल मारायचे. मग त्या पिशवीत दुसरं लुगडं न्यायच्या. शाळेत जाऊन बदलायच्या आन् शिकवायच्या."

"आन् तुला त्यातलं का आवडलं?"

सिंधुनं थोडा विचार केला. "त्या माघारी घरी न्हाई गेल्या," ती म्हणाली.

मावशीनं तिला सावित्रीबाईंचं लुगडं दिलं. लाल काठाचं, पोरींना चड्डीसारखं वर ओढून घालता येईल असं काकांनी शिवलेलं. वेणीची सुटलेली रिबीन स्वतः बांधली. "तू पुढं काय व्हणार हायस?" असं विचारलं. सिंधु म्हणाली, "बाई." म्हणजे शाळेतल्या बाई. ती टमटममध्ये बसून गेली, तेव्हा लुगड्याची पिशवी तिनं छातीशी धरली होती.

पंचवीसच्या संध्याकाळी तीच पिशवी दुकानाच्या फळीवर येऊन पडली. देविदास हाके आला होता, मागं त्याच्या वस्तीवरचे दोघे जण, त्यांच्या मागं बाकीच्या वेषांच्या पिशव्या घेऊन मान खाली घातलेले सर आणि सगळ्यांच्या मागं सिंधु. मावशी भांडणासाठी पदर खोचून उभी राहिली. मला मनातून बरं वाटलं. आता ह्यांना जन्माची अद्दल घडेल असं वाटलं.

"मावशी," देविदास म्हणाला, "सरांनी आमच्या पोरीला अहिल्यादेवी दिल्या व्हत्या. तुम्ही का काढून घेतल्या?"

"तुझ्या पोरीनं मागितल्या न्हाईत. तिला विचार."

"पोरीला काय कळतंय?"

"तुला काय कळतंय ते सांग मग. अहिल्याबाईची एक गोष्ट सांग. माझी अटच हाय."

मागचे दोघे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, झालं, जिंकलो. पण देविदास गडबडला नाही.

"सांगतो की," तो म्हणाला. "त्यांनी बारवा बांधल्या, घाट बांधले. दूरदूरच्या मुलखात. आन् आमच्या वस्तीवर अजून नळ न्हाई. पंचायतीत गेलं की बस म्हणत न्हाईत. वरीसभर गावात आमी कुठंच नसतो, मावशी. ह्या एका दिवशी ट्रॉलीवर आमची पोर आईसाहेब म्हणून उभी राहती आन् सारा गाव हात जोडतो. तेवढं एक बी तुमी घेता? तुमाला घ्यायला लई हाय. आमाला तेवढंच हाय."

मावशीनं खोचलेला पदर सोडला. ती चुकली नव्हती, आणि तोही चुकला नव्हता. मग चुकलं कोण? ज्या गावानं त्याला वर्षभर दारात उभं ठेवलं आणि एक दिवस पोरीपुरती ट्रॉली दिली, ते गाव. त्या गावातलं कुणी फळीपुढं आलं नव्हतं, ज्याला शिव्या द्याव्यात. मला तेव्हा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि ह्या सगळ्या मोठ्यांच्या गाऱ्हाण्यात ती तिसरीतली पोर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

मावशीनं खोकं काढलं. पांढरं लुगडं काढलं, हातात धरायची छोटी पिंड काढली, कागदात गुंडाळली. देविदासनं आणलेली पिशवी फळीवर तशीच होती, सावित्रीबाईंचं लुगडं आतच. मावशीनं त्यावरच पांढरं लुगडं ठेवलं, वर पिंड ठेवली, पिशवीची गाठ मारली आणि सिंधुच्या हातात दिली. देविदासच्या नाही.

"खालचं लुगडं काढायचं राहिलं ना?" ती मंडळी गेल्यावर मी विचारलं.

"इसरले," मावशी म्हणाली. मावशी खोक्यातली टाचणी विसरत नाही.

सकाळी आम्ही दोघी पहिल्या बसनं त्या गावी गेलो. वेष नीट बसलेत की नाही हे बघायला मावशी नेहमीच जाते. ट्रॉली केळीच्या खुंटांनी सजवली होती. सगळं सरांच्या पहिल्या वाटणीप्रमाणंच होतं; बाकीचे वेषही सरांनी काल संध्याकाळीच बदलून नेले होते. पाटलाचा धाकटा जिरेटोपाखाली घामेजला होता. दामिनी हातात पुस्तक धरून सावित्रीबाई झाली होती आणि पाटलाच्या थोरल्याच्या तलवारीकडं बघत होती. मावशी एकेकाच्या टाचण्या तपासत होती आणि तोंडातल्या तोंडात शिव्या देत होती. कुणाला ते मला कळलं नाही; बहुधा सगळ्यांना.

चावडीपुढं ट्रॉली थांबली. पोरं एकेक करून बोलली, गावानं टाळ्या वाजवल्या. सिंधु पुढं आली. पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावर पदर, तळहातावर पिंड. चारही वाक्यं तिनं खणखणीत म्हटली. घाट बांधले, बारवा बांधल्या, गोरगरिबांचं ऐकून घेतलं, न्याय केला. त्यात कुठं कुचराई नव्हती. खाली देविदास ताठ उभा होता आणि खरंच, गावातली पंचायतीतली माणसं हात जोडून होती. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, बरं झालं मावशीनं लुगडं दिलं. राग तेवढ्यापुरता बाजूला सरला.

सिंधु मागं झाली. पुढची पोरं बोलत होती. दामिनीनं सावित्रीबाईंची वाक्यं कशीबशी म्हटली, दोन विसरली. सरांनी आभाराचा कागद काढला. तेवढ्यात केळीच्या खुंटामागून सिंधु पुन्हा पुढं आली. पांढऱ्या लुगड्यावरूनच तिनं लाल काठाचं लुगडं ओढून घेतलं होतं, खालचं पांढरं कमरेपाशी फुगून बाहेर आलं होतं. पिंड तिनं नीट कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली होती आणि पिशवी खांद्याला होती.

"सिंधु, सावित्रीबाई होऊन गेल्या," सर दबक्या आवाजात म्हणाले. "तुझं झालं. मागं हो."

दामिनीनं काही न बोलता हातातलं पुस्तक सिंधुला दिलं.

गर्दीत कुजबुज झाली. काल दुकानात आलेल्यांपैकी एक जण "ए, उतरव तिला" म्हणाला. सरांनी घाईनं भोंगा बंद केला. मावशीनं माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं. "बोल," ती पुटपुटत होती. "बोल ग. माझे बाई, तोंड उघड."

सिंधुनं माईकवर दोनदा टकटक केलं. आवाज आला नाही. तिनं माईक खाली ठेवला आणि शाळेत कविता म्हणतात तशा मोठ्या आवाजात सुरुवात केली.

"मी सावित्री. मी शाळेत शिकवायला जाते तेव्हा रस्त्यात लोक माझ्या अंगावर शेण मारतात. म्हणून मी पिशवीत दुसरं लुगडं घेऊन जाते." इथं ती थांबली. पाठ केलेलं तिथंच संपलं असावं. तिनं खाली गर्दीकडं बघितलं, सरांकडं बघितलं, बापाकडं बघितलं.

"आज मी बी आणलंय," ती म्हणाली.

कुणी टाळी वाजवली नाही. देविदास गर्दीतून वाट काढत ट्रॉलीपाशी गेला. मावशी त्याला आडवी जायला निघाली होती, मी तिला धरलं. त्यानं दोन्ही हात वर करून पोरीला खाली उतरवून घेतलं. तिच्या खांद्याची पिशवी काढली, आतली पिंड चाचपून बघितली आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून तो तिच्यासोबत शाळेच्या वाटेनं चालू लागला.